बाटलीच्या तोंडाचा बंदोबस्त

घरात पातळ जिन्नसांची जी नासाडी होते, तिची कैफियत शांतपणे ऐकून घेतली तर असे आढळून येईल की दोष बहुतेक वेळा त्या जिन्नसाचा नसतो आणि वापरणाऱ्याच्या हाताचाही फारसा नसतो. तो असतो बाटलीच्या तोंडाचा. तेलाची बाटली तिरपी करावी तो पहिल्या क्षणी काहीच बाहेर येत नाही, दुसऱ्या क्षणी भसकन धार सुटते, कढईत चमचाभर पडावयाचे तेथे पळीभर पडते, आणि बाटली सरळ केल्यावरही एखादा चुकार थेंब काचेवरून ओघळत जाऊन ओट्यावर आपली वाटोळी मुद्रा उमटवून ठेवतो. यावर इलाज म्हणून भांड्यांच्या दुकानांतून हल्ली एक लहानशी तोटी मिळू लागली आहे: खाली कडी-कडी असलेले रबरी बूच, त्यातून वर निघालेली पोलादी अथवा प्लॅस्टिकची वाकडी नळी, आणि काहींना त्या नळीच्या टोकावर आपोआप उघडमीट करणारी झडप किंवा वेगळे टोपण. मद्यगृहांतून मोजून पेले भरण्याच्या कामी ही चीज प्रथम तैनात झाली हे खरे. पण तेवढ्यावरून तिला सोवळ्या स्वयंपाकघरात मज्जाव करण्याचे कारण नाही, कारण तेथे तिला करावयाचे काम तिच्या मूळ धंद्याहून पुष्कळच व्यापक आहे.

तिच्या उपयोगांची यादी देण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे, कारण या वस्तूविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांपैकी बहुतेकांचे मूळ तेथेच आहे. ओतणे आणि बंद ठेवणे ही बाटलीच्या तोंडाची दोन सर्वस्वी भिन्न कर्तव्ये आहेत. तोटी हे पहिल्या कर्तव्याचे साधन, बूच हे दुसऱ्याचे. तोटी लावलेली बाटली म्हणजे उघडी बाटली, मग तिच्या टोकावर झडप असो वा नसो; आणि घट्ट बूच मारलेली बाटली रोज दहा वेळा उघडावी लागत असेल, तर ते बूच लवकरच ओट्यावर, फडताळात किंवा कोठेच न सापडणाऱ्या जागी जाऊन पडते. म्हणून घरातील प्रत्येक पातळ पदार्थाविषयी पहिला प्रश्न हा विचारावा की हा रोजच्या उठाबशीचा आहे की बेगमीचा. रोजच्यास तोटी द्यावी, बेगमीस बूच द्यावे, आणि एकाच बाटलीकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हव्यास धरू नये.

आता तोटीचे अंतरंग पाहू. बाटलीतून द्रव बाहेर पडतो तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी तितकीच हवा आत शिरली पाहिजे. तोंड एकच असेल तर जाणारा द्रव आणि येणारी हवा यांची त्या दाराशीच रेटारेटी होते, आणि जो घळघळ आवाज आपण ऐकतो तो या रेटारेटीचाच. चांगल्या तोटीत या दोघांना दोन स्वतंत्र वाटा दिलेल्या असतात. रुंद नळीतून द्रव बाहेर येतो, आणि तिच्या शेजारची सुईसारखी बारीक नळी बाटलीच्या आत खोलवर उतरून हवेला परस्पर तळाच्या बाजूस नेऊन सोडते. त्यामुळे धार एकसारखी, न तुटणारी आणि न उसळणारी अशी पडते. बाटली धरताना हवेचे छिद्र वरच्या अंगाला राहील अशी धरावी. ते छिद्र बोटाने दाबले की धार जवळजवळ थांबते, आणि बोट उचलले की पुन्हा सुरू होते, हा प्रयोग लहान मुलांना करून दाखवण्याजोगा आहे. उलट या बारीक नळीत तेलाचा चिकटा किंवा साखरेचा खडा अडकला, तर बाहेरून सर्व काही ठाकठीक दिसत असूनही बाटली घुमेपणा धरून बसते. बळीच्या झारीत शुक्राचार्य शिरून बसला तेव्हा वामनाने दर्भाच्या काडीने त्याचा बंदोबस्त केला. आपल्या झारीतल्या शुक्राचार्याला मोडीत निघालेल्या गिटारची किंवा सतारीची तार पुरते. नवी तोटी दुकानातून आणल्याबरोबर ही बारीक नळी कोठे आहे हे ओळखून ठेवावे, आणि ती मुळात नसलीच तर ती वस्तू निव्वळ शोभेची समजावी.

चुकार थेंबाचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. द्रव हळू ओतला असता पात्राच्या काठाला चिकटून मागे वळतो आणि बाहेरच्या अंगाने ओघळतो, हा अनुभव चहाच्या किटलीने प्रत्येक घरात दिलेला असतो. मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने १९५६ साली या प्रकाराला चहादाणीच्याच नावाने ओळख मिळवून दिली, आणि न ठिबकणारी चोच कशी असावी याचे गणित मांडणाऱ्या केलर आणि व्हँडेन-ब्रुक या दोघा गणितज्ञांना १९९९ साली इग् नोबेल नावाचे विनोदी पारितोषिकही मिळाले. पारितोषिक विनोदी असले तरी निष्कर्ष कामाचा आहे. चोचीची कड जितकी धारदार आणि धार जितकी वेगवान तितके ओघळणे कमी. कड जाड, गोलसर आणि ओतणारा भिडस्त, की थेंब हमखास मागे फिरणार. म्हणून तोटी निवडताना तिचे टोक तिरके कापलेले व पातळ कडेचे असावे, बाटली तिरपी करताना संकोच करू नये, आणि ओतून झाल्यावर मनगटाला किंचित पीळ देऊन ती चटकन सरळ करावी. तुपाची धार वाढताना जुन्या बायका हीच मनगटाची लकब वापरीत, आणि ती त्यांना कोणत्याही गणितज्ञाने शिकवलेली नव्हती.

तोटीचे खरे राज्य अर्थात तेलावर. फोडणीच्या तेलाविषयी आपल्याकडे अंदाजपंचे कारभार चालतो, आणि अंदाज नेहमी फाजील बाजूस झुकतो. रोज केवळ एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, तेल जास्त पडत गेले तर महिन्याला १५० मिलिलिटर आणि वर्षाला पावणेदोन लिटरांहून अधिक तेल विनाकारण पोटात जाते; किमतीचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तोटीमुळे या अंदाजाला मापाची शिस्त लावता येते. खोकल्याच्या औषधाबरोबर ५, १० आणि १५ मिलिलिटरच्या खुणांचे जे छोटे टोपण येते, ते स्वच्छ धुऊन घ्यावे, तेलाने निम्मी भरलेली बाटली त्यावर पुरती उलटी करावी, आणि मनात एक, दोन, तीन असे संथपणे मोजत १५च्या खुणेपर्यंत किती आकडे होतात ते पाहून ठेवावे. हा प्रयोग पाण्यावर करून उपयोग नाही. तेल पाण्याहून कितीतरी दाट, त्यामुळे पाण्याचा आकडा तेलाला लागू पडत नाही. तसेच शेंगदाण्याच्या तेलाचा आकडा थंडीत आणि वैशाखात सारखा राहील अशीही खात्री बाळगू नये. एकदा आकडा बसला की कढईसमोर चमचा शोधण्याची यातायात संपते, आणि घरातील ज्या मंडळींना स्वयंपाकाचा सराव नाही त्यांच्याही हातून भाजी तेलात पोहत नाही.

पण मोजमापापेक्षाही मला तोटीची खरी किंमत थालीपिठाच्या वेळी कळते असे वाटते. ओल्या फडक्यावर थापलेले थालीपीठ तव्यावर उलटून फडके सोलून काढले, की मध्ये एक आणि भोवती चार अशी बोटाने पाडलेली भोके समोर येतात, आणि प्रत्येक भोकात तीनचार थेंब तेल जाऊन ते खाली तव्याला पोहोचले पाहिजे, तरच खालची बाजू खरपूस होते. चमच्याने हे करू गेल्यास निम्मे तेल भाजणीवरच सांडून मुरते आणि थालीपीठ वरून तेलकट, खालून कोरडे असे निपजते. बारीक तोटीचे टोक मात्र नेमके भोकावर धरता येते. तेल आत उतरल्याबरोबर कडेने बारीक बुडबुडे येऊन चर्र असा आवाज होतो, आणि मग तीच धार थालीपिठाच्या परिघावरून एकदा फिरवली की झाकण ठेवण्यास हरकत नाही. घावन, आंबोळी, धिरडे यांचीही तीच कथा. बिडाच्या तव्याला तेल पुसण्यासाठी कांद्याची अर्धी फोड किंवा वांग्याचे देठ वापरण्याची वहिवाट मोडावी असे मी म्हणणार नाही. तेल तव्यावर तोटीने सोडावे आणि कांद्याने पसरावे, म्हणजे तेलाच्या वाटीत कांदा बुडवून ती वाटी दुसऱ्या दिवशी टाकून देण्याची पाळी येत नाही.

येथेच एक इशारा. तेलाचे तीन वैरी: प्रकाश, हवा आणि उष्णता; आणि तोटी लावलेली पारदर्शक बाटली शेगडीशेजारी ठेवणे म्हणजे तिघांनाही एकाच वेळी आमंत्रण देणे. अशा बाटलीतले तेल लवकरच खवट होऊ लागते. म्हणून तोटीची बाटली लहान, शक्य तर गडद रंगाच्या काचेची असावी, तिच्यात आठवडाभर पुरेल इतकेच तेल काढावे, आणि डब्यातील शिल्लक साठा बूच घट्ट लावून अंधाऱ्या फडताळात ठेवावा. संपत आलेल्या तेलावर नवे तेल ओतत राहण्याची सवय तर सर्वस्वी सोडून द्यावी, कारण तळाचे जुने खवट तेल नव्यालाही लवकर नासवते.

खोबरेल तेलाचा स्वभाव निराळा. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते, त्यामुळे कोकणात बारमाही वाहणारी तोटी पुण्यास किंवा नागपुरास मार्गशीर्षात सकाळी सकाळी मुकी होते. अशा वेळी नळीत काड्या खुपसण्याऐवजी सबंध बाटली तोटीसकट कोमट पाण्यात उभी करावी. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी तेल कोमट करावयाचे असतेच. ते अशा रीतीने बाटलीतच कोमट केले, तर ओल्या, निसरड्या हातांनी वाटी सांभाळण्याची कसरत वाचते आणि मुलाच्या टाळूवर नेमकी हवी तेवढी धार सोडता येते. समईत तेल घालण्यासही तोटी सोयीची, मात्र ती धातूची असावी, आणि समई तेवत असताना तेल घालावयाचे झाल्यास ज्या बाजूस वात नाही त्या बाजूने, ज्योतीपासून हात दूर ठेवून घालावे. ज्यांच्याकडे नंदादीप आहे त्यांना पळीने घातलेले तेल समईच्या दांड्यावरून ओघळून तबकात कसे साचते हे सांगावयास नको.

सरबतांच्या बाबतीत मला तोटीची शिफारस हात राखून करावीशी वाटते. अमृत कोकम, लिंबाचा पाक, पन्ह्याचा अर्क हे पेल्यात मोजून घालण्यास ती उत्तम. परंतु साखरेचा पाक नळीच्या टोकावर वाळून त्याचे खडे बनतात आणि घरातील मुंग्यांना त्याची वर्दी आपल्याआधी लागते. बाटली पाण्याच्या ताटलीत उभी ठेवणे हा जुना उपाय आहेच. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे पाहुणे येतील तेवढ्या वेळापुरती तोटी लावावी, काम होताच ती काढून गरम पाण्यात टाकावी आणि बाटलीस मूळचे झाकण लावावे. कोकमाच्या आगळाला तर धातूची तोटी लावूच नये. आगळ आंबट आणि खारट असे दोन्ही असते, आणि आंबट-खारटाच्या जोडीपुढे स्वस्त तोट्यांवरचा चकचकीत मुलामा टिकत नाही. काही दिवसांतच तो सुटू लागतो, आणि तो जातो कोठे, तर सोलकढीत. तेथे प्लॅस्टिकची तोटी वापरावी. व्हिनेगरला हाच नियम. मध आणि काकवी हे दोघे इतके दाट की बारीक नळीतून त्यांना ओतू पाहणे म्हणजे संयमाची परीक्षा देणे होय. त्यांच्यासाठी रुंद तोंडाची बरणी आणि चमचा हाच राजमार्ग.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आल्यावर तोटीचे कर्तृत्व अधिक मनोरंजक होते. भांडी घासण्याचा पातळ साबण मोठ्या कॅनमध्ये स्वस्त पडतो, पण कॅनमधून तो घासणीवर ओतताना मूळ बचत मोरीत वाहून जाते. तोटीच्या बाटलीत काढून, त्यात थोडे पाणी मिसळून वापरल्यास ती बचत हाती लागते. वाफेच्या इस्त्रीत पाणी भरण्याचे छिद्र इतके लहान असते की भांड्याने भरताना अर्धे पाणी कपड्यांवर सांडते. तोटीचे टोक त्या छिद्रात सहज जाते. बियांच्या कुंड्यांना झारीने पाणी घातले तर माती उखडून बी वर येते; तोटीची बारीक धार कुंडीच्या काठाला लागून फिरवली असता माती जागची हलत नाही, आणि खिडकीवर टांगलेल्या कुंड्यांतून खालच्या बिऱ्हाडकरूच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर अभिषेक होऊन भांडणास तोंड लागत नाही. गावी जाताना बाटली उलटी करून कुंडीत खुपसण्याची जी युक्ती सांगतात तिच्यासाठी मात्र तोटी घेऊ नये: हवेची नळी मातीने बुजते. तेथे साध्या बुचाला दाभणाने एक भोक पाडून ते लावावे, आणि बाटली किती दिवस पुरते ते गावी जाण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत शुद्ध पाणी घालण्याचे काम आता अनेक घरांत गृहस्थाकडे आलेले आहे, आणि तेथे तोटीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. बॅटरीची भोके अरुंद, जागा अडचणीची आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ द्यावयाची नाही अशी अट. परंतु या कामासाठी तोटी निखालस प्लॅस्टिकचीच हवी, बाटलीही प्लॅस्टिकचीच, कारण धातूची नळी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकली तर ठिणगी उडून अनर्थ होऊ शकतो. यंत्र बंद करावे, जवळपास उदबत्तीसुद्धा पेटलेली नसावी, आणि या कामाची तोटी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये.

लग्नकार्यात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणारी गुलाबदाणी हे तोटीचेच एक सालंकृत रूप. तिच्या धर्तीवर, जुन्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने पंधरावीस बारीक भोके पाडली, तर सुती कपड्यांवर इस्त्रीपूर्वी पाणी शिंपडण्यास फवाऱ्याच्या बाटलीची गरज राहत नाही. शिवाय फवाऱ्याचा खटका दोनतीन महिन्यांत जवाब देतो, तसे या झाकणाचे होत नाही. बाळाला दूध पाजण्यासाठी बोंडले वापरण्याची रीत आपल्याकडे होतीच, पण त्या साधर्म्यावरून बाटलीची तोटी तान्ह्या मुलाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या तोंडाला कोणी लावू नये. आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात धार सोडली असता पाणी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते; तेथे डॉक्टर सांगतील तेच साधन आणि तीच रीत.

सर्वांत कडक शब्दांत जे सांगावयाचे ते हे. फिनेल, रॉकेल, संडास साफ करण्याचे आम्ल, टर्पेंटाइन यांपैकी काहीही खाद्यपदार्थाच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरू नये, आणि त्या बाटलीस ओतण्यास सोयीची तोटी लावण्याची युक्ती तर कोणी सुचवली तरी मानू नये. रॉकेल पाण्यासारखे दिसते, रंगीत फिनेल सरबतासारखे, आणि तोटी असलेली बाटली मुलाला पिण्याचीच वाटते. हे पदार्थ मूळच्या डब्यातच, मूळच्या झाकणानेच, कुलपाच्या फडताळात ठेवावेत. दुर्दैवाने मुलाने रॉकेल किंवा आम्ल गिळलेच, तर त्याला वांती करवू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात जाऊन किंवा अन्ननलिका दुसऱ्यांदा पोळून अधिक इजा करते; डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

आता बुचाकडे वळू. पोर्तुगालात मुबलक असलेल्या एका जातीच्या ओक वृक्षाची साल दर नऊ वर्षांनी सोलून काढतात आणि तिच्यापासून खरे बूच बनवतात. झाड न तोडता ही साल पुन्हा वाढते. याच बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रॉबर्ट हुक याने १६६५ साली पेशींचे वर्णन केले, त्या पेशींतील कोंडलेली हवा हेच बुचाच्या हलकेपणाचे आणि लवचिकपणाचे रहस्य. आपल्या खेड्यांतून मात्र मक्याच्या कणसाचे बुरकुंड, चिंधीचा बोळा नाहीतर लाकडाची गुडदी यांवर काम भागत असे, आणि रॉकेलच्या चिमणीच्या बाटलीस बुरकुंडाइतके चांगले बूच शहरातही मिळत नसे. फसफसणाऱ्या पेयांना यांपैकी काहीच पुरे पडेना, तेव्हा हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काचेची गोटी बाटलीच्या गळ्यात बसवून आतल्या वायूलाच पहारेकरी नेमले, वायू गोटीला रबराच्या कड्याशी दाबून धरी, आणि तीच बाटली गोटीसोडा म्हणून आपल्या जत्रांतून आणि बसस्थानकांवरून घरोघर ओळखीची झाली. पुढे १८९२ साली अमेरिकेतील विल्यम पेंटर याने दातेरी पत्र्याचे झाकण काढले, आणि ते उघडण्यासाठी लागणारी चावी ड्रॉवरात न सापडण्याची समस्या जगभर सुरू झाली.

या इतिहासातून घरच्या उपयोगाचा बोध इतकाच की वायू असलेल्या पेयाला साधे बूच चालत नाही, ते उडते. अशा बाटलीस तारेच्या कडीने आवळले जाणारे बूचच हवे. आणि जो पदार्थ आंबतो आहे, म्हणजे नीरा, उसाचा रस, घरी केलेली कांजी, त्याच्या काचेच्या बाटलीस तर मुळीच घट्ट बूच मारू नये. आंबताना वायू निर्माण होतो, त्याला वाट मिळाली नाही तर बाटलीच फुटते, आणि फुटलेल्या काचा फडताळभर उडतात. अशा बाटलीच्या तोंडास स्वच्छ मलमलीचा तुकडा बांधावा.

निवृत्त झालेल्या खऱ्या बुचाला घरात पुष्कळ कामे आहेत. पातेल्याच्या झाकणाच्या पत्र्याच्या मुठीखाली एक बूच खोचून ठेवले की गरम झाकण उचलताना फडके लागत नाही, कारण बुचातून उष्णता फार सावकाश जाते. त्याच्या चकत्या कापून खुर्चीच्या पायांना डकवल्या तर फरशीवर ओरखडे उमटत नाहीत. शिवणाच्या डब्यात सुया आणि दाभण खोचण्यास, सुरीच्या टोकास म्यान म्हणून, गंजलेल्या कात्रीवर भांड्यांची पूड घालून घासण्यास बूच कामी येते. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी बुचाचे तोंड सपाट कापून, पाण्यात कालवलेल्या खडूच्या पुडीत बुडवून ठसे उमटवले, तर ठिपके एकसारखे आणि एका ओळीत पडतात. लहान मुलींच्या हाती हे काम निर्धास्त सोपवावे. अत्तराच्या कुपीचे काचेचे बूच घट्ट बसले असेल तर ते पिळू नये: गरम पाण्यात भिजवलेले फडके कुपीच्या मानेभोवती गुंडाळावे, मान प्रसरण पावून बूच सैल होते. बुचाने थंड राहावे आणि मानेने तापावे ही त्यातील मेख, म्हणून फडके बुचाला लागू देऊ नये.

साफसफाईच्या बाबतीत तोटी आणि बाटली दोघीही हट्टी. तेलाचा जुना थर हवेने घट्ट होऊन पिवळ्या गोंदासारखा चिकटतो आणि साबणाला दाद देत नाही. तोटी कढत पाण्यात साबण व खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवावी, सकाळी तारेने दोन्ही नळ्या फिरवून घ्याव्यात. अरुंद बाटलीत मूठभर तांदूळ आणि साबणाचे गरम पाणी घालून जोराने हलवले की कोपऱ्यांतला चिकटा सुटतो. ते तांदूळ अर्थातच नंतर टाकून द्यावयाचे. धुऊन झाल्यावर तोटी आणि बाटली वेगवेगळ्या, उलट्या, एक दिवस सुकवाव्यात. आत राहिलेला पाण्याचा एक थेंब तेलाबरोबर कढईत गेला की तडतडून अंगावर उडतो, आणि मागे राहिला तर तेल लवकर नासवतो.

खरेदीच्या वेळी एवढे पाहावे. अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांचे आतले तोंड बहुधा १८–१९ मिलिमीटर असते आणि बहुतेक तोट्या त्या मापाच्या असतात. थंड पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड त्याहून मोठे, तेथे ही तोटी सैल पडते आणि ओतताना बुचासकट कढईत जाते. म्हणून घरची रिकामी बाटली बरोबर न्यावी. रबराला उग्र वास येत असेल तर तो तेलाला लागणार. कड्या तीन किंवा अधिक असाव्यात, पोलाद लोहचुंबकाला फारसे न चिकटणारे असावे, नळी आणि बूच एकमेकांपासून सुटे होणारे असावे, नाहीतर ते धुता येणार नाहीत. दुकानातच बाटली पाण्याने भरून, तोटी बसवून, ती एकदा पुरती उलटी करून पाहावी. आणि दुकानदार त्याला हरकत घेईल, तर दुसरे दुकान पाहावे.